समास सोडून बाकी सगळं

५ ऑक्टोबर २०२५. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. मोठ्या कामांच्या सुरुवातीच्या नोंदी कुणी ठेवत नाही आणि मग पुढे मुलाखतीत आठवेल ते बोलावं लागतं. आपलं तसं व्हायला नको.

मोठं काम म्हणजे 'यक्षवाडी'त पुस्तकं आणणे. गेम तीन वर्षांपासून चालू आहे. म्हणजे मी करतोय, तीन वर्षांपासून. डोंगरात चाळीस यक्षांचं गाव. शेती करतात, मध काढतात, लोखंड वितळवतात, भांडतात, मरतात. परवाच्या टेस्टमध्ये लोखंडाचं काम येणारा एकमेव यक्ष शेळीमागे धावताना कड्यावरून पडला. त्याच्याबरोबर विद्याही गेली. दोन वर्षांत अख्खं गाव दगडी कुऱ्हाडीवर आलं.

फलटणच्या प्रांजलने लिहिलं की एक माणूस मेला की गाव अडाणी होतं हे काही बरोबर नाही, त्यांना पुस्तकं लिहू द्या, पुस्तकांच्या नकला करू द्या, एकमेकांना शिकवू द्या. मी हेच म्हणणार होतो. प्रांजल आमच्या टेस्टर टीममध्ये आहे. टीम सध्या तीच आहे.

१५ डिसेंबरला ऑनलाइन गेम महोत्सव. तिथे डेमो द्यायचा. हातात एकाहत्तर दिवस, काम चार दिवसांचं. उरलेले दिवस रंगरंगोटीला.

दुपारी १.३०. काल खालच्या जुन्या द्राक्षबागेची छाटणी झाली, म्हणून आज काड्यांना औषध लावायला माणसं आलीत. वडिलांनी, आप्पांनी, चहा घेऊन बोलावलं. तासात येतो म्हणून गेलो, चार तास गेले. तंद्री मोडली. आज काम नाही.

८ ऑक्टोबर.
रोज पाचला उठायचं ठरवलं. पाचला उठलो. उठता येतं हे सिद्ध झालं, म्हणून परत झोपलो.

शिवांजलीने, म्हणजे बायकोने, विचारलं की तुमच्या यक्षांचं पोट कशावर चालतं. नाचणी आणि मध, मी सांगितलं. ती म्हणाली बरंय, निदान त्यांच्यात कुणीतरी रानात जातं. आणि ती रानात गेली.

१६ ऑक्टोबर.
आज वरच्या बागेची छाटणी. अर्धा एकर, छत्तीस ओळी. मी पण गेलो होतो. दोन वेली छाटल्या, तेवढ्यात आप्पांनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली. टायपिंगच्या हातांना जपावं असं त्यांना वाटलं असणार.

पुस्तकाची नक्कल करणारा यक्ष चुका करणार. किती? मी दोन टक्के धरल्यात. पण हे हवेतलं झालं. प्रत्यक्ष माणूस नकलताना किती चुकतो याचा अभ्यास हवा. इंटरनेटवर काही मिळालं नाही. संशोधन मलाच करावं लागेल.

२४ ऑक्टोबर.
आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. ३ नोव्हेंबर, मिरजेला. पुढे दीड महिना व्यायामासाठी सांगलीला माझ्या बहिणीकडे, सृष्टीकडे राहणार.

म्हणजे ऐन हंगामात आप्पा नाहीत. जुनी बाग शिवांजली बघणार. वरची मी. ही बाग आप्पांनी तीन वर्षांपूर्वी लावली, मी पुण्याची नोकरी सोडून आलो त्याच महिन्यात. का लावली ते मी विचारलं नव्हतं. तिचा हा पहिलाच बहार. शिवांजली म्हणाली, वेल असला तरी पहिलटकरीण आहे ती, जपा.

आप्पांनी त्यांची वही दिली. "वरची बाग तुझ्याकडं. वहीत समदं हाय. आदी वही वाच, मग बागंत जा."

वही १९९१ पासूनची. पुठ्ठ्याला तीन थर चिकटपट्टी, पानांवर औषधांचे निळे डाग. कधी काय फवारलं, कधी काय घातलं, सगळं. तारखा मात्र जवळपास नाहीतच. सगळं छाटणीपासूनच्या दिवसांत. सहावा दिवस, अठरावा दिवस, बावन्नावा दिवस. आमच्याकडे या मोसमात सगळे असंच मोजतात. शेजारच्या सिद्धूला सकाळी विचारलं, आज तारीख काय. तो म्हणाला, "आमचा पंदरावा."

२७ ऑक्टोबर.
निर्णय. वही नुसती वाचायची नाही, नकलायची. एका दगडात दोन पक्षी. बागेचं ज्ञानही मिळेल आणि माणूस किती टक्के चुकतो तेही कळेल. शिवाय वही आता सुटायला आलीय. हे काम कुणीतरी आधीच करायला हवं होतं. थेट लॅपटॉपवर सुरुवात केली.

२९ ऑक्टोबर.
अकरा पानं झाली. वेग चांगला. अडचण एकच, समास. आप्पांनी प्रत्येक पानाच्या समासात आडवंतिडवं काहीबाही लिहून ठेवलंय. 'घाई केली.' 'आभाळ बघून थांबाय पायजे होतं.' 'मानसिंगचं ऐकलं, चुकलो.' 'लग्नाला गेलो, फवारणी राहिली.' प्रत्येकाखाली साल आणि सही. हे ज्ञान नव्हे, ही कुरकुर. वगळतोय. मुख्य मजकूर तेवढा घेतोय.

संध्याकाळी प्रांजलचा मेसेज. यक्षांच्या पुस्तकांना समास ठेवा, नकलणाऱ्याला बाजूला स्वतःचं काही लिहिता येऊ दे, मजा येईल. मी कळवलं की समासाने गेम जड होतो. ती म्हणाली बरं.

१ नोव्हेंबर.
आज मोठी सुधारणा केली. दिवसांची मोजणी कालबाह्य आहे. तिसावा दिवस म्हणजे नक्की कधी? बोटं मोजत बसा. मी पहिली छाटणी ४ ऑक्टोबर ही धरून एक्सेलमध्ये सूत्र टाकलं आणि सगळ्या दिवसांच्या तारखा केल्या. आजचं काम आपोआप हिरवं होतं. आप्पांना चौतीस वर्षांत जे जमलं नाही ते मला एका दुपारीत जमलं. त्यांचा दोष नाही. साधनं नव्हती.

३ नोव्हेंबर. मिरज.
ऑपरेशन झालं. नीट झालं. आत नेताना आप्पांनी शिवांजलीला जुन्या बागेचं काहीतरी सांगितलं, आणि मला विचारलं, वही वाचलीस का. मी सांगितलं, पूर्ण उतरवली. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

दार बंद झालं तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलो. दोन तास यक्षवाडी एकदाही आठवली नाही. नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

९ नोव्हेंबर.
या आठवड्यात वरच्या बागेत दोनदा गेलो. एकदा फोन विसरला म्हणून.

मनुबाई आमच्याकडच्या बायकांच्या टोळीच्या मुख्य. वीस वर्षं आमच्याच बागेत. त्यांनी विचारलं, वरचीचा कितवा दिवस. मी सांगितलं, नऊ नोव्हेंबर. त्या म्हणाल्या तारीख नव्हे, दिवस. मी समजावलं की आता आपण दिवसांच्या पुढे गेलोय. त्या पदर खोचून कामाला लागल्या. पटलं असावं.

१४ नोव्हेंबर.
ज्ञान स्वतःपाशी ठेवलं की काय होतं ते यक्षवाडीत बघितलंय. म्हणून माझ्या नकलेची पीडीएफ केली, मुखपृष्ठ केलं आणि द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर टाकली. २१४ सभासद. दुपारपर्यंत एकसष्ट नमस्कार आले. असा प्रतिसाद गेमला कधी आला नव्हता. सिद्धूने 'लय भारी दादा' लिहिलं. संध्याकाळी बांधावर भेटला तेव्हा विचारलं, कुठला भाग आवडला. म्हणाला, डाउनलोड व्हायचंय अजून.

सांगलीला सृष्टीलाही पाठवली. आप्पांना मोठ्या स्क्रीनवर दाखव म्हणालो.

२० नोव्हेंबर.
यक्षवाडीत पुस्तकं चालू झाली. चार दिवसांच्या कामाला सेहेचाळीस लागले, पण झालं. यक्ष पुस्तक लिहितात, दुसरे नकलतात, ग्रंथालयात ठेवतात. मधाच्या पुस्तकाच्या सात नकला झाल्या. बघताना छान वाटलं. खरंच.

एक बग. यक्ष क्रमांक १४. हा दिवसभर ग्रंथालयात बसून नकला करतो. एकही पुस्तक वाचत नाही. शेतावर जात नाही. त्याचं ज्ञान शून्य, पण बाकीचे सल्ला विचारायला आले की देतो. त्याच्या वाट्याची नाचणी वाळून गेली. सगळा कोड तपासला. चूक सापडत नाही.

२५ नोव्हेंबर. सकाळी ८.
एक्सेलमध्ये आजची ओळ हिरवी झालीय. 'घड बुडवणे.' मणी फुगायला जीए नावाचं औषध असतं, त्याच्या पाण्याने मगा भरायचा आणि एकेक घड त्यात बुडवून काढायचा. जुन्या बागेचं शिवांजलीने कालच उरकलं. आज ती आप्पांना तपासणीला न्यायला सांगलीला गेलीय. म्हणजे आज बागेचा जबाबदार माणूस मी एकटा. तिला संध्याकाळी आश्चर्याचा धक्का देणार.

९.१५. मनुबाई ऐकेनात. म्हणाल्या, "दादा, ही बाग आजून फुलात हाय. मणी कुटं धरल्यात? चाळिसावा दीस हाय हिचा." मी लॅपटॉप बांधावर ठेवून हिरवी ओळ दाखवली. आप्पांच्याच वहीतली आहे म्हटलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग वेलीकडे, मग माझ्याकडे. "आप्पांनी सांगितलं आसंल तर ऱ्हाऊ द्या. पन मी हात लावायची न्हाई. पाप मला नगं." आणि सगळ्या बायकांना घेऊन खालच्या बागेत गेल्या.

जुन्या माणसांचा नव्या पद्धतीला विरोध असतोच. गेममध्येही याची सोय करायला हवी. मगा मीच घेतला.

१२.४०. चार ओळी झाल्या. पाठ धरली. पण हाताने काम केल्याचं समाधान वेगळंच. आप्पा यात का रमतात ते आज कळलं.

१२.५५. सांगलीहून फोन. शिवांजलीचा वाटला, आप्पा होते. सृष्टीने वेळ जावा म्हणून त्यांना माझी पीडीएफ वाचून दाखवायला घेतली होती. त्यातल्या तारखा ऐकून आप्पा म्हणाले, वरची बाग बुडवाय घेतली न्हाईस न्हवं? मी म्हटलं घेतली.

"किती ओळी झाल्या?"

"चार."

मी दोनदा हॅलो म्हटलं. रेंज गेली असं वाटलं.

"मगा खाली ठेव. हात धू. आनि घरी जा."

२६ नोव्हेंबर.
काय झालं ते शिवांजलीने आल्यावर समजावलं. जुनी बाग चार तारखेला छाटली, वरची सोळाला. दोघींत बारा दिवसांचं अंतर. वहीतला बावन्नावा दिवस काल जुन्या बागेचा होता, वरचीचा चाळिसावाच. फुलावर ते औषध पडलं की फूल गळतं. मी दोन्ही बागांना एकच तारीख लावली.

मी म्हटलं, सूत्रात एक रकाना कमी पडला एवढंच. ती म्हणाली, "आवं, तुमच्या ग्रुपवरचे दोनशे चौदा जण रोज दिवसच मोजत्यात. एकाला तरी इचारायचं." ती आवाज चढवत नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

ग्रुपवर कुणाचं नुकसान तर झालं नाही ना, म्हणून प्रत्येकाला मेसेज केला. तिघांनी फाइल उघडली होती. दोघांनी मुखपृष्ठापर्यंत. तिसरी ग्रुपबाहेरची, आमची सृष्टीच.

३० नोव्हेंबर.
चार ओळींत फिरलो. घडाला बोट लावलं की भुरभुर खाली येतं. नुसते देठ राहिलेत. बाकी बत्तीस ओळींत बारीक हिरवे मणी धरायला लागलेत, त्यामुळे या चार जास्तच दिसतात.

कारणं लिहून काढावीत म्हणून बसलो. एक, वहीत तारखा नव्हत्या. दोन, मनुबाईंनी ठामपणे अडवलं नाही. तीन... दुसरं खोडतो. त्यांनी अडवलं होतं.

वाईट वाटलं. याला दुसरा जरा बरा शब्द शोधत होतो, मिळाला नाही. तीन वर्षं वाढवलेली बाग, आणि मी चार तासांत चार ओळी.

बत्तीस ओळी आता शिवांजली बघते. मी पाणी सोडतो. ती सांगेल तेव्हा.

१५ डिसेंबर.
महोत्सवाचा दिवस. डेमो दिला नाही. फॉर्ममध्ये गेमचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मागितला होता आणि दोन मिनिटं गेम सलग चालत नाही. पण विचार केला तर घाई कशाला. यक्ष तीनशे वर्षं जगतात. पुढच्या वर्षीचा महोत्सव जास्त योग्य.

प्रांजलचा मेसेज. पुस्तकांचं फीचर तिला आवडलं. लिहिलंय, 'सगळ्यात भारी यक्ष क्रमांक १४. नकला करतो पण वाचत नाही, आणि सल्ला देतो. फार खरा वाटतो. कुणावरून घेतलाय?' मी कळवलं, पूर्ण कल्पनेतून.

बग तसाच ठेवतोय.

२० डिसेंबर.
आप्पा आज घरी आले. चहा झाला आणि म्हणाले वर जाऊ. काठी घेऊन चढाला वीस मिनिटं लागली. मी हात धरायला गेलो, नको म्हणाले. मागे मी, त्यामागे शिवांजली.

बत्तीस ओळी बघत बघत गेले. एका घडाखाली हात धरला, वजन केल्यासारखा, आणि शिवांजलीला म्हणाले, बेस राखलीस. मग चार ओळींपाशी थांबले. मी बोलायला सुरुवात केली की सूत्रात एक रकाना. त्यांनी काठी वर केली. मारायला नाही, थांब म्हणून.

शिवांजलीला वही आणायला पाठवलं. मूळ वही. बावन्नाव्या दिवसाचं पान काढून माझ्यापुढे धरलं. समासावर बोट ठेवलं आणि म्हणाले, मोठ्यानं वाच.

वाचलं. 'सन १९९८. दोन बागा दोन तारखांना छाटल्या. दिवस एकच मोजला. वरची फुलात असताना घड बुडवले. सगळी गेली. मनुबाईच्या सासूने नको म्हटलं होतं. चूक माझी. आप्पासो.'

या जागेवर त्या वेळीही द्राक्षंच होती, मला माहीत नव्हतं. वही मी चार दिवस नकलत होतो. हे पान टाइप केलेलं मला आठवतं. बोट जिथे होतं तिथपर्यंत डोळे गेले नाहीत.

मी म्हटलं, हे मला तोंडाने का नाही सांगितलं?

"आपली चूक पोराला तोंडानं सांगवत न्हाई. म्हनून तर लिवून ठिवली. तू समदी वही उतरवली म्हनलास न्हवं?"

"समास सोडून बाकी सगळं," मी म्हणालो.

आप्पा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. बंडीच्या खिशातून पेन काढलं. "त्येच्या खाली जागा हाय. लिव."

बांधावर बसून लिहिलं. 'सन २०२५. दोन बागांना एकच तारीख लावली. वरची फुलात असताना चार ओळी बुडवल्या. मनुबाईने नको म्हटलं होतं. चूक माझी.' वही परत दिली. त्यांनी वाचली आणि परत माझ्याकडे केली.

"नाव ऱ्हायलं."

"नावाची गरज आहे का?"

"माजंबी हाय की वर."

नाव घातलं. राजवर्धन. आप्पांच्या सहीच्या बरोबर खाली आलं. येताना त्यांनी माझा हात धरला. उताराला गुडघा दुखतो म्हणे.

रात्रीच्या जेवणानंतर विचार केला तर जाणवलं की वहीत नाव येणं हा एक प्रकारे मानच आहे. चौतीस वर्षांत आप्पांशिवाय कुणी त्यात लिहिलेलं नाही.

११ जानेवारी २०२६.
वहीची शिवण अखेर सुटली. शिवांजलीने नवी जाड वही आणली आणि हाताने सगळी उतरवली. नऊ दिवस, दुपारची विश्रांती सोडून. समासासकट. बाकी बत्तीस ओळींचा माल उभा आहे, व्यापारी बघून गेला. आप्पा रोज काठीशिवाय चार पावलं जास्त चालतात.

नवी वही झाल्याचं कळल्यावर सिद्धू आला, उतरवून घेतो म्हणाला. मग तो समासातला मानसिंग. मग अजून तिघे. ओसरीवर बसून एकेक जण नक्कल करून गेला. माझ्या पीडीएफचं नाव कुणी काढलं नाही, मीही काढलं नाही. सगळे बावन्नाव्या दिवसाचं पान आधी उघडतात हे मात्र लक्षात आलं.

संशोधनाची संधी चालून आली होती. पाचही नकला एक दिवस मागून घेतल्या आणि मूळ वहीशी ओळीन् ओळ ताडून पाहिल्या. निष्कर्ष असा की माणूस नकलताना साधारण दोन टक्के चुकतो. सिद्धूने एक अख्खा दिवस गाळलाय. मानसिंगने गंधकाचा आकडा दुप्पट केलाय, तो मी लगेच दुरुस्त करायला लावला. माझा अंदाज पहिल्या दिवसापासून बरोबर होता. गेममध्ये काही बदलायची गरज नाही.

फक्त समासातली माझी नोंद पाचही वह्यांत अक्षर न् अक्षर बरोबर उतरलीय. एक वेलांटी इकडची तिकडे नाही. नाव तरी कुणीतरी चुकवायला हवं होतं.